सूपभर कोदू

वामनरावांच्या अक्षराला कचेरीत मान होता. नागपूरच्या जिल्हा कचेरीतल्या जुन्या दप्तरात ते तीस वर्षे नक्कलनवीस होते. लोकांना जुन्या कागदांच्या नकला उतरवून द्यायच्या, हे काम. कुणाचा आजा कोण, कुणाच्या पणजाचं शेत कुठलं, हे ते खुर्चीवरून न उठता सांगत. "माणूस खोटं बोलते, कागद नाही बोलत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस सरळ होता. पण सरळ माणसाचाही एखादा हट्ट असतो, आणि नेमका तोच त्याला नडतो.

घरी, इतवारीत, त्यांचे वडील धोंडबा होते. वय सत्याहत्तर, डोळे गेलेले. उभा जन्म धान्यबाजारात मापारी म्हणून गेलेला, त्यामुळे हातावर मूठभर दाणे ठेवले की कुठल्या तालुक्याचे ते सांगत. सदुसष्ट सालच्या दसऱ्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं आणि एकच धोशा लावला.

"तू साऱ्या दुनियेचे बापजादे शोधून देतं, वामन. माह्या बहिणीले शोध ना गा."

बहिणीची गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे इंग्रजी १९०० साली, धोंडबाचा बाप गेला आणि आई रुखमा दोन लेकरं घेऊन कुहीकडच्या गावाहून पायी नागपूरला आली. धोंडबा दहा वर्षांचा, सुपी चारची. मिशनच्या अनाथघरात लहान पोरांना दोन वेळ पेज मिळे. रुखमाने सुपीला तिथं ठेवलं आणि सांगितलं, "पाणी पडलं का येतो वं, बाई." पाणी पडायच्या आतच पटकीने तिला नेलं. धोंडबाला एका दाण्याच्या दुकानात आसरा मिळाला. मोठेपणी तो दोनदा मिशनच्या फाटकावर जाऊन आला. सुपी नावाचं इथं कुणी नाही, एवढंच ऐकून परतला.

वामनरावांनी आपल्या शिस्तीप्रमाणे मुळापासून सुरुवात केली. जमीनबंदोबस्ताच्या जुन्या मिसलीत, म्हणजे सरकारी कागदांच्या गठ्ठ्यात, धोंडबाच्या आज्याचं नाव सापडलं. "देवाजी, याने जंगल तोडून वस्ती केली." तेवढ्या एका ओळीने म्हातारा दोन दिवस खुशीत होता, येईल त्याला सांगे, आमच्या आज्यानं गाव वसवलं, तेव्हा तिथी वाघ पाणी पेत होते. मर्दुमशुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, कागदांत पुढचं होतं: दुष्काळाआधी त्या गावात, देवाजीटोल्यात, एकेचाळीस घरं, दुष्काळानंतर सात. हे वामनरावांनी वाचून दाखवलं नाही. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या वहीत बापाच्या नावापुढं चार मुलांचे मृत्यू होते, दोन धोंडबाच्या आधीचे आणि दोन नंतरचे. नाव एकालाही नाही. 'मुलगा, वय दोन महिने', 'मुलगी, वय नऊ दिवस', बस. नाव ठेवण्याइतकी सवडच त्या लेकरांना मिळाली नव्हती.

डिसेंबरात ते चर्चमध्ये गेले. पाळकसाहेबांनी अनाथघराची जुनी वही काढून दिली आणि सहाव्या पानावर ती दिसली. "सुपी, वय चार. आई रुखमा. आईने सूपभर कोदूला विकली."

वामनरावांनी ती ओळ तीनदा वाचली. कोदू म्हणजे गरिबाचा दाणा, भाताऐवजी शिजवायचा. तेवढ्यासाठी आजीने पोटची पोर विकली? दुष्काळात माणसं काय काय करतात ते त्यांनी कागदोपत्री पुष्कळ पाहिलं होतं, पण ते इतरांच्या घरचं होतं. ओळीपुढं बाप्तिस्म्याच्या वहीचा आकडा दिला होता. त्यांनी ती वही मागितलीच नाही. आणखी काय वाचावं लागेल, या भीतीने ते उठले आणि सायकल काढून घरी आले.

"वही वाळवीनं खाल्ली, बाबा," त्यांनी सांगितलं.

कागद खोटं बोलत नाही म्हणणारा माणूस कागदावर विश्वास ठेवून स्वतःच खोटं बोलला. हेतू चांगला होता. म्हाताऱ्याने सत्तर वर्षं मायेची आठवण उराशी धरली होती, ती शेवटी कशाला नासवायची? धोंडबांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. पुढं सात महिने त्यांनी बहिणीचं नाव काढलं नाही.

आषाढात शेजारच्या इंदूबाईच्या सुनेला, गोपिकाला, मुलगा झाला. आधीची दोन गेली होती, म्हणून इंदूबाई म्हाताऱ्याचा हात बाळाला लावायला घेऊन आल्या. धोंडबांनी बाळाची टाळू चाचपली.

"याले विकून टाक वं, इंदू."

वामनराव दाराशी दाढी करत होते. वस्तरा गालावरच थांबला.

"विकू कोणाले, बुवा?" इंदूबाईंनी विचारलं.

"दाईले. सुपात घाल अन् तिच्या उंबरठ्यावर ठेव. पोर तिचं झालं. मंग सूपभर कोदू देऊन परत घे. विकत घेतलेल्या पोराकडं यम पाहत नाही. माह्या मायचे दोन गेले, म्हणून मले धोंड्याचं नाव देल्लं. यमानं दगड काहून न्यावा? मंग अखीन दोन गेले. सुपी झाली तवा मायनं तिले असंच सूपभर कोदूत घेतलं. म्हणून तर नाव सुपी. माय साऱ्या गावाले सांगे, ही विकलेली पोर होय माही, सूपभर कोदूची. मोठी लाडाची होती."

वामनराव तसेच अर्ध्या दाढीने दाराशी बसून राहिले. मिशनच्या मुन्शीने विचारलं असेल, ही कोण? उपाशी रुखमाने जे ती सगळ्यांना कौतुकाने सांगे, तेच त्यालाही सांगितलं असेल. मुन्शीने शब्द तेवढे उतरवले, अर्थ विचारला नाही. पण मुन्शी परका होता. आपण तर तिचे नातू, आणि आपणही तेच वाचलं, ही लाज त्यांना जाळू लागली. जन्म इतवारीत गेलेला. सुपाची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती, आणि त्यांनी बापाला विचारलीही नव्हती. विचारलं कागदाला.

दुसऱ्या दिवशी चर्चचं दार उघडताच ते हजर होते. बाप्तिस्म्याच्या वहीत सुपीचं नाव सुमती झालं होतं. पाळकसाहेबांनी ते नाव वाचून चष्मा काढला.

"शिवणाच्या सुमतीबाई. मुलींच्या शाळेत चाळीस वर्षं शिवण शिकवलं. लग्न केलं नाही. या एप्रिलमध्ये गेल्या." मग ते हळूच म्हणाले, "तुम्ही डिसेंबरात आला होतात, तेव्हा व्हरांड्यात उन्हात बसून काजं करत होत्या ना, त्याच."

वामनरावांना आठवलं. ऑफिस कुठं आहे हे त्यांनी त्याच म्हातारीला विचारलं होतं. तिने सुई तोंडात धरून हाताने दार दाखवलं होतं. घरापासून दोन मैलांवर ती सारा जन्म राहिली, आणि तिच्यापासून दोन हातांवरून ते मान खाली घालून निघून गेले होते.

पाळकसाहेबांनी कपाटातून तिचं मृत्युपत्र काढलं. कोर्टाने मंजूर केलेलं. शिवणयंत्र शाळेला, पुस्तकं चर्चला. शेवटचं कलम तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

"माझ्या आईने मला सूपभर कोदूला विकले असे वहीत लिहिले आहे. ते मी सोळाव्या वर्षी वाचले. माझ्या माहेरचे कोणी कधी आल्यास त्यांस सूपभर कोदू द्यावे. म्हणजे मी विकलेली राहणार नाही."

"दर वर्षी नवे कोदू आणून डब्यात भरून ठेवायच्या," पाळकसाहेब म्हणाले. "कशासाठी, ते कधी बोलल्या नाहीत."

वामनराव तिथंच, परक्या माणसासमोर, हुंदके देऊन रडले. छप्पन्न वर्षं तिने ही एक ओळ जवळ बाळगली, आणि ती ओळ खोटी होती. सांगायला चार महिने होते. सांगणारा घरात होता.

पाळकसाहेबांनी डब्यातले कोदू सुपात ओतून दिले, ते सूप त्यांनी हातात धरून पायीच घरी आणलं. बाजारातून जाताना दोघांनी विचारलं, काय आणलं गा? ते तसेच पुढं चालत राहिले. धोंडबांना उठवून बसवलं आणि सूप मांडीवर ठेवलं. म्हाताऱ्याने दाण्यांत हात घातला, चिमूट चोळली, नाकाशी नेली.

"कोदू होय. अन् आपल्या कुहीकडचे."

"सुपीआत्यानं ठेवले होते, बाबा. आपल्या घरी द्या म्हणून."

ती एप्रिलात गेली, हे पुढचं वाक्य वामनराव वाटभर जुळवत आले होते. ते काही ओठांवर येईना. धोंडबांचा चेहरा मात्र उजळला होता. सत्तर वर्षांत कुणी पाहिला नसेल असा. त्यांनी सूप जपून बाजूला सरकवलं, पाय आखडून घेतले आणि खाटेवर आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा केली.

"कोदू तर आले, वामन," ते म्हणाले. "आता पोर कोठी आहे?"