तिसरं बटण

सीनियर दिसला की पहिल्या वर्षाच्या मुलांनी मान खाली घालायची, नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची आणि प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणायचं, असा लखनऊच्या आमच्या हॉस्टेलचा नियम होता. माझ्या शेजारच्या खोलीतला तो मात्र बटणाकडे बघतानाही हसायचा. लखनऊतल्याच मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला मराठी मुलगा, पण मी मराठीत बोललो तरी उत्तर हिंदीत द्यायचा. वॉर्डनचा खोकला तो इतका हुबेहूब काढायचा, की वरच्या मजल्यावरचे सीनियर घाईघाईने सिगरेटी विझवायचे. "देखा यार, कैसे भागे!" म्हणत मग तो टाळी मागायचा.

एका रविवारी तो खोकला कोणाचा, हे सीनियरांना कळलं. त्यांनी त्याला वर नेलं. संध्याकाळी तो खाली आला. वर काय झालं, ते त्याने कधीच सांगितलं नाही.

थंडीत फ्रेशर्स पार्टी झाली आणि नियम उठला. आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. त्याने केली नाही. मेसमध्ये, वर्गात, माझ्याशी बोलतानासुद्धा नजर बटणावरच. एकदा चिडून मी त्याची हनुवटी धरून वर केली, तर त्याने डोळेच मिटून घेतले.

मग एके दिवशी त्याचे वडील लाडवांचा डबा घेऊन आले.

"कसा आहेस रे?"

"ठीक हूँ, सर," तो बटणाकडे बघत म्हणाला.

वडील गोंधळले. वाकून त्याचा शर्ट न्याहाळत म्हणाले, "बटण तुटलंय का? काढून दे, आई लावून देईल."