शेवटची रांग

सिहोऱ्यात टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग असलं की एक कॅमेरावाला भंडाऱ्याहून एसटीनं यायचा. विनोदी प्रसंगाला कॅमेरा लांब ठेवायचा. म्हणायचा, "हसू पायापासून येते, पाय दिसले पाह्यजे." रडण्याच्या प्रसंगाला मात्र अगदी जवळ यायचा.

मी शाळामास्तर, पण झाडीपट्टीच्या नाटकांत मुरलेला. मालिकेत मला बापाचं काम मिळालं होतं. लेक गेल्याचं दुःख मी मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं चार वेळा ओरडून सांगितलं. दिग्दर्शक दुसरा नट शोधू लागला.

तेव्हा कॅमेरावाल्यानं कॅमेरा हातभर अंतरावर आणला. "गुरुजी, शेवटची रांग इथंच हाये. मलेच सांगा. तालीम समजा."

मी हळू बोललो. मधेच आवाज फाटला. घाम पुसत विचारलं, "आता खरं घेता का जी?"

तो भिंगाला झाकण लावत होता. "झालं न गुरुजी. जेवाले चला."