दाबाचं तेल

वखारवालीचा उजवा खांदा गेला तो कुऱ्हाड उचलताना नव्हे, केस विंचरताना. हात कानापर्यंत गेला आणि तिथेच अडला.

नवरा गेल्यापासून बावीस वर्षं तिने जळाऊ लाकडाची वखार एकटीने चालवली होती. दोन बेकऱ्यांच्या भट्ट्या आणि एका लाँड्रीचा बंब तिच्या लाकडावर पेटत. ओंडक्यावर नुसती नजर फिरवली की तो कुठे फुटेल हे तिला कळे. डॉक्टर म्हणाले, कुऱ्हाड बंद.

"मग खाऊ काय, कुऱ्हाडीचा दांडा?" असं म्हणून ती घरी आली.

वखारीमागच्या खोलीत तिचा धाकटा दीर राही. गॅरेजात चाळीस वर्षं फिटर, आता निवृत्त. अख्खी गल्ली त्याला 'पाना' म्हणे, कारण खिशात पाना नसला तर त्याला उघड्यावर आल्यासारखं व्हायचं. लग्न केलं नव्हतं. जेवायला वहिनीकडे आणि भांडायलाही वहिनीशीच.

मशीनची कल्पना तिची. एकदा जेवताना म्हणाली, "भाऊजी, कुऱ्हाड लाकडावर आपटायची कशाला? लाकूडच पाचरीवर ढकललं तर?" तिने कोळशाने भिंतीवर आकृती काढली. पाना घास हातात धरून बघत राहिला.

"वहिनी, तू शाळेत गेली असतीस तर आमच्या गॅरेजची मालकीण झाली असतीस."

"आणि तुम्हाला पहिल्या दिवशी काढून टाकलं असतं."

दुसऱ्याच दिवशी पाना भंगारात शिरला. आठ फुटी गर्डर मिळाला, मोडीत निघालेल्या खोदाईच्या मशीनचा सिलिंडर मिळाला, त्याच मशीनचा पंप आणि बंद पडलेल्या गिरणीची मोटर. तीन आठवडे वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. गर्डरच्या एका टोकाला पोलादी पाचर, दुसऱ्या टोकाला सिलिंडर. दांडा दाबला की पंप सिलिंडरमध्ये तेल कोंबणार आणि सिलिंडरचा दट्ट्या ओंडक्याला पाचरीवर ढकलणार, अशी योजना.

अडलं ते तेल नेणाऱ्या रबरी होज पाइपाशी. पंपापासून सिलिंडरपर्यंत दोन होज हवे होते. एक नवा मिळाला. दुसऱ्याला दुकानदाराने आठ दिवस सांगितले. भंगारातल्या सिलिंडरला एक जुना लोंबत होता, त्याचं वरचं रबर टाचेसारखं भेगाळलेलं.

"आतली जाळी शाबूत दिसते," पाना म्हणाला, पण तो होज हातात फिरवतच राहिला. "तरी नवाच बरा. आठ दिवस थांबू."

"बेकरीवाला दोनदा दारात येऊन गेलाय. तिसऱ्यांदा तो दुसऱ्या वखारीत जाईल. लावा तोच."

पानाने तो लावला.

पहिला ओंडका चढवला तेव्हा तिला वाटलं होतं, काहीतरी मोठा आवाज होईल. कुऱ्हाडीचा घाव निदान सांगून पडतो. इथे मोटर एकसुरी घरघरत होती आणि दट्ट्या सावकाश, कुठलीच घाई नसल्यासारखा पुढे सरकत होता. लाकूड पाचरीला टेकलं आणि कण्हलं. अगदी माणसासारखं, दात आवळून. मग एकदम दुभंगलं. लाकडाच्या ढिगावर झोपणारी मांजर उठली आणि अंगण सोडून गेली, ती चार दिवस आली नाही.

"काय चाललंय बघ! लोण्यात सुरी!" पाना लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. वखारवालीच्या मनात पाल चुकचुकली, पण ती हसली. चार दिवसांत महिनाभराचं लाकूड फुटलं. तिचा खांदा पहिल्यांदा रात्रभर झोपला. तरी मोटर बंद केल्यावर अंगणात जी शांतता पडे ती तिला आवडत नव्हती. ती मुद्दाम काहीतरी बोलत राही.

पाचव्या दिवशी दुपारी एक गाठीचा ओंडका आला. पाचर गाठीत रुतली आणि दट्ट्या जागच्या जागी थांबला. दाबाच्या मीटरचा काटा चढू लागला. दांडा वखारवालीच्या हातात होता. तेवढ्यात कुठूनतरी बारीक शीळ ऐकू आली आणि जुन्या होजपाशी धुकं दिसलं, हिवाळ्यात श्वासाचं दिसतं तसं.

"सोडू का?" तिने विचारलं.

"थांब, दाब राहू दे. कुठून गळतंय ते कळेल." पाना वाकला आणि होजवरून बोट फिरवत गेला.

तिने दांडा दाबून धरला.

"हात् तिच्या!" त्याने हात झटकला. "मुंगी चावली वाटतं."

तिने दांडा सोडला. त्याच्या उजव्या तर्जनीच्या पेरावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका होता. रक्त नाही, सूज नाही. पानाने बोट पँटला पुसलं आणि होजवर चिंधी गुंडाळायला घेतली. वखारवालीने ती काढून घेतली आणि मोटरचं बटण बंद केलं.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. हे मुंगीच्याच पावलांनी आलं.

चहाच्या वेळी त्याच्याने कप धरवेना. बोट पांढरं पडलं होतं, मेणबत्तीसारखं गार. ती त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ठिपका पाहिला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि तीन दिवसांनी दाखवायला सांगितलं.

"दुखतंय का हो, भाऊजी?" परत येताना तिने विचारलं.

"अजिबात नाही. बधिर झालंय नुसतं."

दुखतंय म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पाना पडून राहिला. ती अंगणात मशीनपाशी गेली. होजवर तेलाचा एक थेंब लटकत होता. त्याच्या समोर, हातभर अंतरावर, एक ओंडका उभा होता. त्याच्या सालीवर बारीक, सरळ चीर होती. तिने नख घातलं. नख आत गेलं. चीर तेलाने ओली होती. आयुष्यभर लाकूड फोडलेल्या त्या बाईला कळायला वेळ लागला नाही की जे सालीत घुसलं ते बोटात किती घुसलं असेल.

ती धावतच गॅरेजात गेली. पानाचा जुना हेडमिस्त्री गाडीखाली झोपून काम करत होता. तिने सगळं सांगितलं. तो बाहेर सरकला आणि त्याने एकच विचारलं, "टोचलं तेव्हा मशीनवर दाब होता?"

"होता. दांडा माझ्याच हातात होता."

त्याने हातही पुसले नाहीत. व्हॅनची किल्ली उचलली. "वहिनी, टोचलं नाही ते. तेल आत गेलंय. चला."

पाना उठायला तयार नव्हता. "एवढ्याशा ठिपक्यासाठी मोठं हॉस्पिटल? लोक हसतील." हेडमिस्त्रीने त्याची बाही वर सरकवायला घेतली. ती मनगटापाशी अडकली. हात तिथपर्यंत सुजला होता. मग पाना स्वतःच उठून व्हॅनकडे चालू लागला, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

हॉस्पिटलमधली सर्जन जेमतेम तिशीची होती. बोटाच्या टोकापासून तळहात ओलांडून मनगटापर्यंत तिने हात उघडला आणि आतलं तेल धुऊन काढलं. बाहेर येऊन म्हणाली, "बोट वाचलं नाही. हात वाचेल असं वाटतंय. उद्या सकाळी आला असता तर मी हे म्हणू शकले नसते." आणखी दोनदा हात उघडावा लागला. एकोणीस दिवस तो तिथे होता.

तिसऱ्या दिवशी ती त्याच्या पलंगाशी बसली आणि म्हणाली, "जुना होज मी लावायला लावला. दांडाही मीच धरला होता."

तो हसून उडवून लावेल अशी तिची अटकळ होती. त्याने पट्ट्यांत गुंडाळलेला हात उचलून बघितला.

"हो," म्हणाला. "लावायला तूच लावलास. आणि चाळीस वर्षं हेच काम करून दाबावरच्या होजला बोट मी लावलं. निम्मं निम्मं घेऊ."

तिने त्याची उशी सारखी केली.

मशीन भंगारात द्यायचं तिने ठरवलं होतं. पाना ऐकेना. "माझं बोट खाऊन ते फुकट बसणार? कामाला लाव त्याला." तो डाव्या हाताने दाखवत गेला आणि हेडमिस्त्रीने दोन्ही होज नवे घातले, त्यांवर जाड कॅनव्हासच्या बाह्या चढवल्या, होज आणि चालवणाऱ्याच्या मध्ये पत्रा उभा केला. दांडा असा बदलला की हात काढताच मोटरही आपोआप बंद पडेल. दोन्ही बेकरीवाले मधल्या काळात दुसरीकडे गेले होते. एक परत आला, एक आला नाही.

आता मशीन ती एकटी चालवते. कोणालाही जवळ उभं राहू देत नाही. मोटर सुरू झाली की पाना फाटकात खुर्ची टाकून बसतो आणि येईल त्याला चार बोटांचा हात आडवा करून थांबवतो. "बाहेरच थांबा. चालू आहे ते." काही गिऱ्हाइकं म्हणतात, म्हातारा फार खेकसायला लागलाय. पाठीमागे घरघर चालू असते आणि तो मान जराशी तिरकी करून, त्या घरघरीत कुठे बारीक शीळ मिसळते का, ते ऐकत बसतो.