साडूंचा ढिला शिपाई

चामड्यावर आमच्या थोरल्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या परंडा तालुक्यात शोधून सापडायचा नाही. बैठकीच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी कमी आणि निजामाच्या काळातल्या पायदळाचे खांदपट्टे, काडतुसांच्या पेट्या, संगिनींची म्यानं जास्त. मधोमध लाकडाचा पुतळा, त्याला ते ‘शिपाई’ म्हणतात. दर रविवारी त्याच्या अंगावरच्या चामड्याला एरंडेल चोळायचं आणि पितळेला चिंच लावायची, हा नेम. अक्का, म्हणजे माझी थोरली मेहुणी, वैतागून म्हणते, “माझ्या डोक्याला तेल न्हाय, अन् ह्या लाकडाला मालिश!” मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा यांनी नवऱ्या मुलाच्या बापाला चहाच्या आधी खांदपट्टा चढवून ताठ उभं केलं. तरी लग्न जमलं, ही त्या भल्या माणसाची कृपा.

शिपायाला उणीव एकच, कमरेचा पट्टा. “शिपाई ढिला हाय हो आमचा,” असं म्हणताना साडूंचा चेहरा खरोखर पडायचा. वर्षानुवर्षं शोध चालला होता. आणि भूमच्या बाजारात एका बैलाच्या गळ्यात तो दिसला! पितळी बकलासकट, वर घुंगरं शिवलेली. मालक म्हणाला, “माळ सुटी मिळायची न्हाय. बैल घ्या, माळ येतीय संगं.” साडूंकडं शेत म्हणाल तर तुळशीच्या कुंडीएवढं. तरी गडी बैल घेऊन घरी आला!

घुंगरं उसवली, पट्टा तेलात मुरवला, शिपायाची कंबर आवळली. साडू त्या दिवशी जेवताना गात होते. पण बैल कडब्याला तोंड लावीना. अक्कानं गूळ-भाकरी पुढं धरली, त्यानं मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारभर साडू त्याच्याजवळ बसून राहिले, मग उठून शिपायाचा पट्टा सोडला आणि स्वतःच्या हातानं घुंगरं शिवली. गळ्यात माळ वाजली तसा बैल कडबा ओढायला लागला. अक्कानं डोळ्याला पदर लावला.

यंदा पोळ्याला गेलो तर बैल वयानं पार थकलेला. साडू त्याच्या गळ्यातलं बकल चिंचेनं घासत होते. मी आपलं चेष्टेनं म्हटलं, “आता काय, लवकरच शिपायाची कंबर भरणार तुमच्या!”

त्यांचा हात थांबला.

“तसलं बोलू नका, पाव्हणं,” ते म्हणाले. “शिपाई राहू द्या ढिला.”