शुक्रवारचं धाराशिव आणि तळ्याची फेरी

बार्शीहून जाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवते: धाराशिवला सरकारी काम असेल तर शुक्रवारी जाऊ नका. आम्ही गेलो, म्हणून तर हे लिहिते आहे.

काम माझे होते. धाराशिवच्या मुलींच्या सरकारी शाळेत मराठी शिकवायला बाई हवी आहे, असा मामाचा निरोप आला. सातवीची फायनल पास होऊन मी वर्षभर घरीच होते. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "जाऊ द्या की पोरीला." पण अप्पांचे मन घेईना. त्यांचे शेंगांचे आडत दुकान. माल निजामाच्या मुलखातून यायचा, पण ते स्वतः सरहद्दीलगतच्या पांगरीच्या पुढे कधी गेले नव्हते. "परमुलखात पोरगी ठेवायची?" हा एकच सवाल मी आठवडाभर ऐकला. शेवटी त्यांनी व्यापाऱ्यासारखी तोड काढली.

"एक खेप करू. शाळाखात्याच्या साहेबाला भेटू. एका खेपेत काम झालं तर महादेवाची मर्जी. न्हाय झालं तर पुन्ना नाव काढायचं न्हाय."

वारही त्यांनीच ठरवला. रविवारी कचेऱ्या बंद. शनिवारी बार्शीचा बाजार, त्या दिवशी अप्पा दुकान सोडतील तर सूर्य पश्चिमेला उगवेल. म्हणून शुक्रवार.

बार्शीहून छोट्या गाडीने येडशीपर्यंत जायचे. ही गाडी इतकी निवांत चालते की खिडकीतून तुरीच्या शेंगा मोजता येतात. डब्यात अप्पांना ओळखीचा एक गाडीवान भेटला. मागे तेरणेला पूर आला तेव्हा त्याची बैलगाडी तेरजवळ नदीकाठी अडकून पडली होती. दोन खेपांचा ताप एका खेपेत झाला, असे तो सांगत होता.

"ताप झाला आसंल," अप्पा म्हणाले, "पण खेप एकच. गाडी दुकानाच्या दारात माघारी लागंपर्यंत खेप एकच धरत्यात. मधी बैल बसले का उभे ऱ्हायले, कोण बघतंय?"

गाडीवान हसला आणि त्याने तंबाखूची चंची पुढे केली.

येडशीला निजामाचे करोडगिरीवाले सामान तपासतात. जकातीच्या लायक काही नाही ना, एवढेच पाहतात. माझी भाकरी-चटणीची पुरचुंडीसुद्धा त्यांनी उलगडून पाहिली. कोरे लुगडे नेत असाल तर एकदा नेसून मग न्या. कलदार, म्हणजे इंग्रजी, पैसे इथेच मोडून निजामाचे हाली घ्यावे, मोटारवाल्याशी हुज्जत वाचते. मोटार कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की पुरुषमाणसे उतरतात, आणि खाली उतरलेली माणसे मोटारीच्या आधी वर पोचतात. लढाईमुळे पेट्रोल नाही, त्याला कोण काय करणार?

धाराशिवात उतरलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते. पाटीवर उर्दूत उस्मानाबाद लिहिलेले, लोकांच्या तोंडी धाराशिव. कचेरी विचारावी लागली नाही. दगडी कमान दुरूनच दिसते. मी पदर सारखा केला, अप्पांनी पागोटे सारखे केले, आणि आम्ही फाटकाशी गेलो. फाटकाला कुलूप. आत चिंचेखाली पहारेकरी आरामात बसलेला.

"आज जुम्मा हाय, सावकार," तो बसूनच म्हणाला. "कचेरी बंद. उद्या यावा."

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारी असते. आणि रविवारी सगळे सुरू! जन्मभर या मुलखाशी व्यापार केलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हते, कारण शेंगांना सुट्टी नसते. मला रडूच कोसळले. अप्पांनी कुलूप एकदा ओढून पाहिले. मग म्हणाले, "महादेवाच्या मनात न्हाय, गौरा. चल माघारी."

पण येडशीची मोटार तिसऱ्या प्रहरी. तोवर करायचे काय? पहारेकऱ्यालाच आमची कीव आली. "तळ्याकडून फेरी मारा की. लई ग्वाड जागा हाय."

तर वाचकहो, ही फेरी अशी. कचेरी उजवीकडे ठेवून निघावे. शेजारी अदालत, तिच्या पायऱ्या इतक्या उंच की वर पोचेपर्यंत भांडण विसरावे. पुढे खजिना; तिथला बंदूकवाला मात्र शुक्रवारीही जागा असतो. मग सरकारी दवाखाना आणि त्याच्यापुढे पेढ्यांचे दुकान. खवा भूमकडचा, पेढे जरूर घ्या. तिथून रस्ता वळला की समोर एकदम पाणी. हातलाईच्या डोंगराच्या पायथ्याशी पसरलेले, मार्गशीर्षातले गार, भरलेले तळे. पलीकडे उंचवट्यावर डाकबंगला, अलीकडे बाभळी, कडेला बगळे. रडून लाल झालेल्या डोळ्यांनासुद्धा ते आवडले.

बांधावर दहा-बारा मुली आणि एक पोक्त बाई बसल्या होत्या. मी विचारले तर त्या त्याच शाळेच्या मोठ्या बाई निघाल्या! सुट्टीच्या दिवशी घरी काम नसलेल्या मुलींना त्या फिरायला आणत. आमची हकिकत ऐकून त्या पोट धरून हसल्या.

"बार्शीचे लोक हमखास शुक्रवारीच येतात. मागे या जागेसाठी एक बाई आल्या, त्याही अशाच."

"मग त्या काय केल्या?" अप्पांनी विचारले.

"परत गेल्या. पुन्हा आल्याच नाहीत." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आलाच आहात तर या पोरींना काहीतरी सांगा. माझं ऐकून त्या कंटाळल्यात."

काय सांगावे सुचेना. काठाला ओली रेती होती. मी काटकी घेतली, मुलींना जवळ बोलावले आणि रेतीत तळे काढले. "आता कचेरी कुठे?" मुली धावल्या. कुणी खापरी आणली ती अदालत, चपटा दगड दवाखाना. खजिना म्हणून एकीने कानातला डूल काढून ठेवला, तो मी लगेच परत घालायला लावला. उत्तर कुठली, डोंगर कुठे, पाणी कुठून येते, यावर जी भांडणे झाली ती अदालतीतही होत नसतील. मी कशासाठी आले होते तेच विसरून गेले.

अप्पा जरा दूर बाभळीखाली बसले होते. मला शिकवताना त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. हळूहळू ते जवळ आले, रेतीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यात बार्शी कुठं हाय?"

"बार्शी आमच्या मुलखात न्हाय, आजोबा," एक मुलगी म्हणाली.

"म्हून काय झालं? वाट तर हाय." अप्पांनी खिशातली शेंग काढली, मावळतीकडे हात लांब करून रेतीत ठेवली आणि येडशीच्या अंगाने तळ्यापर्यंत बोटाने रेघ ओढली. रेघ पुरी होते न होते तोच एका धिटुकलीने बार्शी उचलली, फोडली आणि खाऊन टाकली. अप्पा इतके हसले की त्यांचे पागोटे घसरले.

मोटारीची वेळ झाली. मी पुरचुंडी उचलली. मनात म्हटले, गौरा, तळे तरी पाहून झाले. अप्पा जागचे हलेनात.

"मठ कुठंशी हाय हो बाई?" त्यांनी विचारले. "रातीचा मुक्काम टाकावा म्हणतो."

"अप्पा, उद्या शनिवार! बाजार!" मी म्हणाले. "आणि तुम्ही तर एकच खेप म्हणाला होतात."

"एकच हाय की," पागोटे बांधत ते म्हणाले. "आपण अजून दारात कुठं लागलोय?"

शनिवारी कचेरी उघडली. साहेबांनी चार प्रश्न विचारले, मोठ्या बाईंनी शब्द टाकला, आणि काम झाले. पहारेकऱ्याला अप्पांनी स्वतःच्या हाताने पेढा दिला. मुक्कामाला मठ उत्तम आहे; आमटी तिखट, अंथरूण स्वच्छ.

बार्शीला पोचलो तेव्हा बाजार उठला होता. दुकानाची फळी दिवसभर बंद पाहून गल्लीतले लोक काळजीने विचारायला आले होते. अप्पांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितले, "एका खेपेत काम झालं." त्या शनिवारी सूर्य उगवला पूर्वेलाच, मी मठाच्या खिडकीतून पाहिला होता.

आता माझी पत्र्याची पेटी भरून दाराशी आहे. त्या फेरीतले काय उरले म्हणाल, तर रेतीतली ती बोटाची रेघ. एव्हाना ती पाण्याने पुसली असेल. काल पेटी बांधताना अव्वा रडायला लागली. पोरगी गेली, पोरगी गेली, म्हणाली. अप्पा शेंगांचे पोते शिवत होते. दाभण तसाच हातात धरून ते म्हणाले, "गेली कुठं? खेपेला निघालीय. दारात माघारी लागंपर्यंत खेप चालूच धरायची." आणि पोते शिवून झाले तरी त्यांनी मान वर केली नाही.