पुतळामावशीची सीट

उज्वला कदम खारघरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट होती. राहायला सीवूड्सला. अकरा वर्षांची छोटी गाडी स्वतः चालवत ती कामाला जायची. वाटेत करावे गावच्या नाक्यावर पुतळामावशी उभी असायची. मावशी त्याच लॅबमध्ये कंत्राटी शिपाई. दोन वर्षं दोघींचं येणं-जाणं एकत्रच होतं. पुढच्या सीटवर बसून, डबा मांडीवर घेऊन, मावशी बेलापूर येईपर्यंत गावातल्या सगळ्या बातम्या सांगून मोकळी व्हायची.

मार्चमध्ये गाडीचा विमा संपत आला, तेव्हा एजंट कुलदीप घरी आला.

"मॅडम, पूर्ण पॉलिसी साडेनऊ हजारांना पडेल. नुसती थर्ड पार्टी चारेक हजारांत होते."

"गाडीच आता लाखाची राहिली नाही. थर्ड पार्टीच कर," उज्वला म्हणाली. गाडी ठोकली गेली तर गेली, असा तिचा सरळ हिशोब होता.

फॉर्म भरण्याआधी कुलदीप थांबला. "एक सांगतो. यात रस्त्यावरच्या माणसाला काही झालं तर भरपाई मिळते, तुमच्या गाडीत बसलेल्याला नाही. बरोबर कोणी असतं का?"

"नाही रे, मी एकटीच असते."

आपण खोटं बोललो, असं तिला वाटलंसुद्धा नाही. मुलगी पुण्याला, नवऱ्याची स्वतःची बाइक. प्रश्न ऐकून तिच्या डोळ्यांपुढे फक्त घरची माणसं आली होती.

मे महिन्यात, ऐन परीक्षांच्या दिवसांत, बेलापूरच्या पुढे हायवेवर गाडीचा टायर फुटला. गाडी गर्रकन फिरली आणि डाव्या अंगानं कठड्यावर आदळली. उज्वलाला साधं खरचटलंही नाही. मावशीच्या गुडघ्याचा मात्र चुरा झाला.

मावशीचा मुलगा हरेश न्हावा शेवा बंदरातल्या कामावरून तसाच हॉस्पिटलमध्ये धावत आला. उज्वला कोपऱ्यात रडत होती. तोच तिची समजूत घालू लागला.

"ताई, तुमी टेन्शन नका घेऊ. टायर फुटला, त्याला तुमी काय करनार? गाडीचा इन्शुरन्स हाय ना?"

"बघते मी," ती म्हणाली.

बाहेर जाऊन तिनं कुलदीपला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मॅडम, मी विचारलं होतं तुम्हाला. पूर्ण पॉलिसी असती तर मावशींची भरपाई कंपनीवर आली असती. आता त्यांनी केस केली, तर ती तुमच्यावर."

केस कोणी केली नाही. उज्वलानं बँकेतली ठेव मोडून ऑपरेशनचं बिल भरलं, तेव्हा हरेश वाकून तिच्या पाया पडला. तिला धरणीत गडप व्हावंसं वाटलं. तिकडे मावशीचा पगार बंद झाला होता. कंत्राटी माणसाला कसली भरपगारी रजा!

तीन आठवडे उज्वला मावशीकडे फळं घेऊन जात राहिली आणि खरं न सांगता परत येत राहिली. शेवटी एका रविवारी मावशीच्या खाटेजवळ बसून तिनं सगळं सांगून टाकलं. पॉलिसी, वाचवलेले पैसे, कुलदीपचा प्रश्न आणि आपलं उत्तरही.

मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं. पैशांबद्दल ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "एकटीच असतंस म्हनून सांगितलंस? मी त रोज बसायची ना ग बाय."

उज्वला मान खाली घालून बसून राहिली. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता.

मावशी कामावर येईपर्यंत दर महिन्याला तिच्या पगाराइतके पैसे उज्वलानं हरेशच्या हातात दिले. आईकडून सगळं कळल्यावर त्यानं ते मुकाट्यानं घेतले. पाया मात्र पुन्हा पडला नाही. उज्वलाला तेच बरं वाटलं. दुरुस्त झालेल्या गाडीची तिनं मार्चची वाट न पाहता पूर्ण पॉलिसी काढली. बरोबर कोण असतं, असं कुलदीपनं या खेपेला विचारलं नाही.

ऑक्टोबरात मावशी काठी टेकत लॅबमध्ये हजर झाली. संध्याकाळी उज्वलानं गाडी गेटपाशी आणून दार उघडलं.

"नको, बसच बरी हाय," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तू जा, तुला उशीर होल."

ती काठी टेकत स्टॉपकडे निघाली. उज्वलानं गाडी तिथंच कडेला लावली आणि बस येईपर्यंत तिच्याजवळ उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही राहिली. मावशी तिला जा म्हणत नव्हती, पण गावातल्या बातम्याही सांगत नव्हती.