मुखेडची टेप आणि कोकणची हवा

सकाळी सहाची मुखेड-लातूर एसटी पकडली तेव्हाच अंग म्हणत होतं, नको जाऊस. पण शेजारच्या शमीमखालाला शब्द दिला होता.

खालाचा मुलगा सलीम मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला आहे. जहाज गुजरात ते कोची फेऱ्या मारतं आणि भर समुद्रात त्याचा फोन लागत नाही. मी डिश-टीव्ही दुरुस्त करणारा माणूस. गेल्या दिवाळीत रत्नागिरीजवळ विनायक या मित्राच्या गच्चीवर मी एक रिसीव्हर बसवला. जहाजं आपलं नाव-ठिकाण रेडिओवरून सारखी सांगत असतात. आपला अँटेना ते ऐकतो आणि माझ्या नि खालाच्या मोबाईलच्या नकाशात सलीमच्या जहाजाचा ठिपका उमटतो. मागच्या फेरीत तो उमटलाच नाही. सलीमचा कोचीहून फोन येईपर्यंत खालाच्या घशाखाली घास उतरला नाही. आता शुक्रवारी जहाज परत रत्नागिरीसमोरून जाणार होतं.

लातूर स्टँडवर पोहे खाऊन कोल्हापूरची गाडी धरली. जागा मिळाली ती नेमकी मागच्या चाकावर.

"कुठं निघालाव?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"समुद्रावर. अँटेना दुरुस्त करायला."

"का बरं? लातुरातले टीव्ही संपले काय?"

हसायचंही त्राण नव्हतं. कोल्हापुरात स्टँडसमोर पाचशेत खोली मिळते, गरम पाण्याची आशा मात्र धरू नका. शुक्रवारी सकाळी आंबा घाटात पोट उलटंपालटं झालं. लोक म्हणतात घाट सुंदर आहे. असेल बुवा, मी डोळे मिटून बसलो होतो.

विनायकच्या गच्चीवर चढलो आणि स्वतःचाच राग आला. वायरची जोडणी हिरवी पडून भुगा झाली होती. मुखेडात मी काळी टेप गुंडाळतो आणि दहा वर्षं विसरून जातो. आमच्याकडे धूळ बसते, गंज ठाऊक नाही.

"अरे, इथे खारी हवा खिळेसुद्धा खाते," विनायक म्हणाला. "मला विचारायचंस तरी!"

विचारलं नव्हतं. वायर कापली, नवी जोडणी बसवली, ग्रीस लावून वर रबराची टेप ताणून गुंडाळली. तीनच्या सुमारास नकाशावर सलीमचं जहाज उमटलं. समोर समुद्रात मात्र नुसतं धुरकट होतं. मी खालाला फोन लावला.

"दिसून राहिला रे!" ती मोबाईल बघतच बोलत होती. "आपण बघून राहिलो, हे त्याला कळतं का?"

"न्हाई खाला. हे यंत्र फक्त ऐकतं."

"हाव. तेवढंबी लई हाय."

परतीचे दोन दिवस सांगत नाही, कंबर अजून बोलते आहे. तुम्हाला जायचं असेल तर चाकावरची जागा घेऊ नका आणि घाटाआधी खाऊ नका.

घरी पोचलो तर खाला डबा घेऊन हजर. मी सगळं रडगाणं गायलो, वर म्हणालो की दर चार महिन्यांनी जाऊन ती जोडणी बघावी लागणार. मला वाटलं, म्हणेल राहू दे बाबा.

"घाटात उलटीची गोळी कोणती घेतात रे?"

"कुणाला?"

"मला. पुढच्या खेपेला मी येते. तिथून बी तो दिसत न्हाई, माहीत हाय मला. पण त्या गच्चीवर मला एकदा हुबं राहायचंय."

मी गोळीचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.